गाडी उशिरा, विमान वेळेवर

समजा, तुम्ही सोलापूरला राहता आणि तुम्हाला मुंबईहून दिल्लीला जाणारे विमान गाठायचे आहे. विमान दुपारी सव्वाएकला सुटते. सोलापूर ते मुंबई हे अंतर रेल्वेने ४५५ किलोमीटर आहे. गाडीच्या वेळा तुम्हाला ठाऊक आहेत, विमानाची वेळ तिकिटावर छापलेली आहे. तर मग कोणती गाडी धराल? प्रश्न पाचवीच्या गणितातला वाटतो. तासांत तास मिळवा, मिनिटांत मिनिटे मिळवा, की झाले.

मलाही तो तसाच वाटला होता. काही वर्षांपूर्वी माझी भाची बारावीनंतर एका विज्ञान संस्थेच्या मुलाखतीसाठी दिल्लीला निघाली होती. मुलाखत दुसऱ्या दिवशी सकाळी होती. पदार्थविज्ञान शिकवणारा मामा घरात असताना प्रवासाचा हिशेब दुसरे कोण करणार? मी वही उघडली. गाडी दादरला सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी. सामानासह पूल ओलांडून पश्चिम रेल्वेच्या फलाटावर जायला वीस मिनिटे, लोकलने अंधेरीला पंचवीस मिनिटे, तिथून रिक्षाने विमानतळावर वीस मिनिटे. म्हणजे सव्वाअकराला विमानतळ. सामान घेणारा काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी, म्हणजे सव्वाबाराला बंद होणार. हातात एक तास शिल्लक. गाडी उशिरा आली तर? त्याचीही मी सोय केली होती. आधीचे दहा दिवस ती गाडी दादरला किती उशिरा पोचली, ते मी टिपून ठेवले होते. मिनिटांचे आकडे असे होते : ०, ५, ०, १०, १५, १००, ५, २०, १०, ३५. यातला शंभरचा आकडा मी खोडला. तो दिवस वेगळा होता, असे म्हणालो. उरलेल्या नऊ दिवसांची सरासरी आली अकरा मिनिटे. अकरा मिनिटांच्या उशिरासाठी साठ मिनिटे राखीव, म्हणजे सरासरीच्या पाचपटीहूनही जास्त! मी वही मिटली.

त्या दिवशी गाडी दादरला पावणेबाराला पोचली. पंचाण्णव मिनिटे उशीर. एक वाजायला दहा मिनिटे असताना भाचीचा फोन आला, "मामा, काउंटर बंद झालाय." संध्याकाळच्या विमानाचे तिकीट जवळजवळ तिप्पट किमतीला मिळाले. वसतिगृहाच्या अनामत रकमेसाठी दाजींनी जे पैसे बाजूला ठेवले होते, त्यातून ते गेले. दाजी मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

माझी बेरीज बरोबर होती. मग चूक कुठे झाली? ती नीट समजण्यासाठी जोडप्रवास म्हणजे काय, ते आधी पाहू.

जोडप्रवास सोलापूरला नवा नाही. किंबहुना आपल्या गावाला रेल्वे आली तीच तुटक्या जोडासकट. मुंबई ते ठाणे ही पहिली गाडी १८५३ साली धावली. १८५६ साली लोहमार्ग घाटाच्या पायथ्याशी, खोपोलीपर्यंत आला. घाटाच्या वर खंडाळ्यापासून पुण्यापर्यंतचा मार्ग १८५८ साली सुरू झाला आणि तोच पुढे वाढत १८६० च्या जूनमध्ये सोलापूरला पोचला. पण मधला बोरघाट? तिथे अजून डोंगर फोडण्याचे काम चालू होते. म्हणजे १८६० साली सोलापूरहून मुंबईला निघालेला प्रवासी खंडाळ्याला गाडीतून उतरे, पालखीतून, तट्टावर किंवा पायी घाट उतरे आणि खोपोलीला दुसऱ्या गाडीत बसे. १८६३ साली घाटातला लोहमार्ग खुला झाला, तेव्हा हा जोड सांधला गेला. त्या मार्गावर पंचवीस बोगदे होते आणि काही ठिकाणी दर ३७ मीटरला १ मीटर असा चढ होता. रेल्वेच्या दृष्टीने हा चढ फारच उभा. हा घाट लक्षात ठेवा, आपल्याला पुन्हा त्याच्याकडे यायचे आहे.

जोड केवळ रुळांचा नसतो, घड्याळांचाही असतो. त्या काळी प्रत्येक गावाची वेळ सूर्यावरून ठरे. सूर्य डोक्यावर आला की बारा वाजले. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला चार मिनिटे. मुंबईचे रेखावृत्त पूर्व ७२.८ अंश, सोलापूरचे ७५.९ अंश. फरक सुमारे तीन अंशांचा, म्हणून सोलापूरची दुपार मुंबईच्या आधी बारा मिनिटे होते. प्रत्येक स्टेशनने आपापल्या सूर्याप्रमाणे घड्याळ लावले, तर मुंबईहून सोलापूरला येणारी गाडी कागदावर बारा मिनिटे जास्त घेईल आणि जाणारी बारा मिनिटे कमी! असे घोटाळे टाळण्यासाठी रेल्वेने पुढे देशभर मद्रासची वेळ धरली. १ जानेवारी १९०६ पासून पूर्व ८२.५ अंश रेखावृत्ताची वेळ भारतीय प्रमाणवेळ ठरली. मुंबई शहराने मात्र आपले जुने, ३९ मिनिटे मागे असणारे घड्याळ १९५५ पर्यंत सोडले नाही. स्टेशनावरच्या घड्याळात एक आणि शहरातल्या घड्याळात दुसरीच वेळ असताना गाडी गाठणाऱ्यांची काय त्रेधा उडत असेल! आपल्या सोलापुरात आजही सूर्य सरासरीने बारा वाजून सव्वीस मिनिटांनी माध्यान्हीला येतो. अंगणात काठी रोवून सर्वांत आखूड सावली केव्हा पडते ते पाहा. वर्षभरात ही वेळ पंधरा-सोळा मिनिटे मागेपुढे होते, हेही तुम्हाला दिसेल.

तिसरा जोड रुळांच्या रुंदीचा. बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी १८९७ साली सुरू झाली. तिच्या रुळांमधले अंतर ७६२ मिलिमीटर, तर मुख्य मार्गाचे १६७६. त्यामुळे एका मार्गाचा डबा दुसऱ्यावर जाणे शक्यच नव्हते. पंढरपूरला जाणारे वारकरी कुर्डुवाडीला मोठ्या गाडीतून उतरून छोट्या गाडीत बसत. होटगीहून विजापूरकडे जाणारा मार्गही पूर्वी मीटर गेजचा होता. आता हे सगळे मार्ग ब्रॉड गेज झाले आहेत. तुमच्या आजोबांना विचारा, कुर्डुवाडीच्या फलाटावर काढलेली एखादी रात्र त्यांना हमखास आठवेल.

आता आलेख कागदाचा एक ताव घ्या. आडव्या अक्षावर वेळ मांडा, उभ्या अक्षावर सोलापूरपासूनचे अंतर : कुर्डुवाडी ८० किलोमीटर, दौंड १८८, पुणे २६४, मुंबई ४५५. आता एका गाडीच्या वेळा पाहून प्रत्येक स्टेशनासाठी एक टिंब द्या आणि टिंबे जोडा. जी तिरपी रेघ मिळेल तिचा चढ म्हणजे गाडीचा वेग. गाडी थांबते तिथे रेघ आडवी होते. सिद्धेश्वर एक्स्प्रेस सोलापूरहून रात्री निघते आणि सुमारे आठ तासांत मुंबईला पोचते. तिचा सरासरी वेग ताशी ५७ किलोमीटरच्या आसपास येतो. १० फेब्रुवारी २०२३ ला सुरू झालेली वंदे भारत एक्स्प्रेस पहाटे सहाच्या सुमारास निघून सुमारे साडेसहा तास घेते, म्हणजे ताशी ७०. तिची रेघ अधिक उभी दिसेल. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये मारे नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने पॅरिस ते लिआँ मार्गाचा असा आलेख आपल्या पुस्तकात छापला होता. माणसाची नाडी आणि घोड्याची चाल रेघांनी मांडणाऱ्या या माणसाला आगगाड्यांच्या रेघा आवडाव्यात, यात नवल नाही. रेल्वेच्या नियंत्रण कक्षात गाड्यांवर लक्ष ठेवतात तेही अशाच आलेखावर. पूर्वी तो कागदावर पेन्सिलीने काढत, आता संगणकाच्या पडद्यावर दिसतो.

या आलेखात समोरून येणाऱ्या गाडीची रेघ उलट्या दिशेने तिरपी असते. दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे दोन गाड्या समोरासमोर येतात. मार्ग एकेरी असेल तर हा छेदबिंदू स्टेशनातच पडायला हवा, नाहीतर काय होईल ते सांगायला नको. दौंडच्या पुढे सोलापूरकडे येणारा मार्ग बरीच वर्षे काही भागात एकेरी होता. एक गाडी रखडली की समोरचीला स्टेशनात ताटकळत थांबावे लागे, आणि तिच्यासाठी आणखी तिसरी थांबे. उशीर असा संसर्गासारखा पसरतो. मुंबई ते चेन्नई मार्गाचे दुहेरीकरण २०२२ साली पूर्ण झाले आणि ही एक कटकट मिटली. एकाच रुळावर पुढे मंद गाडी आणि मागे वेगवान गाडी असली तर मात्र आजही मागच्या गाडीला खोळंबावे लागते. पुढे गेलेली मालगाडी बाजूच्या रुळावर घेईपर्यंत सिग्नल मिळत नाही.

आता त्याच कागदावर मुंबईच्या वर आणखी थोडी जागा ठेवून विमानतळ मांडा. गाडीची रेघ मुंबईला संपते आणि विमानतळाकडे जाणाऱ्या मेट्रोची रेघ सुरू होते. या दोन टोकांमधला आडवा तुकडा हा तुमचा जोड. त्यातला काही भाग चालण्यात आणि जिने चढण्यात जातो. उरतो तो खरा राखीव वेळ. गाडी उशिरा आली म्हणजे तिची पूर्ण रेघ उजवीकडे सरकते आणि हा तुकडा आखूड होतो. तो शून्याच्या खाली गेला की जोड तुटला.

वेळापत्रक वाचताना एक गोष्ट सांभाळा. मध्यरात्रीनंतर तारीख बदलते. शनिवारी रात्री जेवून स्टेशनवर गेलात आणि गाडी बारा वाजून दहा मिनिटांची असेल, तर तिकीट रविवारच्या तारखेचे हवे. लांबून येणाऱ्या गाडीचे वार पुष्कळदा ती जिथून सुटते तिथले दिलेले असतात. तिकडून सोमवारी निघालेली गाडी आपल्याकडे मंगळवारी येऊ शकते. उच्चशिक्षित माणसे या चुकीने रिकाम्या फलाटावर उभी राहिलेली मी पाहिली आहेत.

वेळापत्रक बनवणारेही उशीर गृहीत धरतात. रुळांच्या दुरुस्तीसाठी, सिग्नलसाठी म्हणून काही मिनिटे त्यात आधीच घातलेली असतात आणि शेवटच्या स्टेशनाच्या अलीकडे ती जरा सढळ हाताने घालतात. त्यामुळे कल्याणला पंधरा मिनिटे उशिरा असलेली गाडी मुंबईला वेळेवर पोचलेली दिसते. म्हणून शेवटच्या स्टेशनावरचा उशीर पाहून मधल्या स्टेशनाचा अंदाज बांधू नका. जिथे उतरायचे त्याच स्टेशनाचे आकडे टिपा. एवढे तरी मी बरोबर केले होते.

आता माझ्या त्या दहा आकड्यांकडे या. ते चढत्या क्रमाने लावू : ०, ०, ५, ५, १०, १०, १५, २०, ३५, १००. बेरीज २००, सरासरी २०. पण मधोमध येणारा आकडा, ज्याला मध्यक म्हणतात, तो १० आहे. सरासरी मध्यकाच्या दुप्पट! असे का झाले? वर्गातल्या मुलांची उंची मोजली तर सरासरीपेक्षा उंच आणि ठेंगणी मुले साधारण सारखी निघतात. गाडीच्या उशिराचे तसे नाही. गाडी मधल्या स्टेशनातून वेळेआधी सुटू शकत नाही, म्हणून आकडे शून्याच्या डावीकडे फारसे जातच नाहीत. उजवीकडे मात्र काहीच आडवे येत नाही. तासभर, दोन तास, चार तास, कितीही. अशा एका बाजूला लांब शेपूट असलेल्या आकड्यांना सरासरी विचारली, तर ती तुम्हाला ना नेहमीचा दिवस सांगते, ना वाईट दिवस.

आणि मला तर सरासरी विचारायचीच नव्हती. मला विचारायला हवे होते ते असे : दहांपैकी किती दिवस उशीर साठ मिनिटांपेक्षा जास्त होता? उत्तर होते एक. दहांतून एकदा मुलीचे विमान चुकणार होते आणि ते उत्तर माझ्याच वहीत, माझ्याच अक्षरात लिहिलेले होते. तेच मी खोडून टाकले. प्रयोगशाळेत एखाद्या विद्यार्थ्याने न पटणारे वाचन खोडले की मी त्याला ओरडतो. 'ते वाचन वेगळे का आले, ते आधी शोध,' असे सांगतो. मी शोधले असते तर कळले असते की तो दिवस घाटातल्या मोठ्या पावसाचा होता. मी आकडे टिपले जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, पाऊस नुकताच सुरू होत असताना. भाची निघाली जुलैच्या मध्यावर. म्हणजे जो दिवस मी वेगळा म्हणून काढून टाकला, तोच तिच्या प्रवासाच्या दिवसासारखा होता. बाकीचे नऊ दिवस उपयोगाचे नव्हते.

घाट उतरताना गाड्यांना वेग फार कमी ठेवावा लागतो, ब्रेक तपासून घ्यावे लागतात. मुसळधार पावसात दरडींची भीती, रुळांवर आलेले दगड, मुंबईकडच्या सखल भागात साठलेले पाणी. एक गाडी थांबली की तिच्यामागे ओळ लागते. सोलापुरात तेव्हा कडक ऊन पडलेले असते. आपल्या डोक्यावरचे आकाश पाहून लोणावळ्याचा अंदाज बांधणे हा सोलापूरकरांचा जुना दोष आहे आणि तो मी सोलापूरकर म्हणूनच सांगतो.

जोड एकाहून अधिक असले तर काय होते? समजा, तुमच्या प्रवासात तीन जोड आहेत आणि प्रत्येक जोड दहांपैकी नऊ वेळा साधतो. तिन्ही साधण्याची संभाव्यता ०.९ × ०.९ × ०.९, म्हणजे ०.७२९. शंभर प्रवासांत सत्तावीस वेळा कुठे ना कुठे फसगत. प्रत्येक जोड एकेकटा चांगला वाटतो, पण साखळी म्हणून पाहिली तर ती कच्ची निघते. म्हणून, शक्य असेल तिथे, जोडांची संख्या कमी करणे हे गाडीचा वेग वाढवण्यापेक्षा जास्त उपयोगी पडते.

या गुणाकाराला एक अट मात्र आहे. एक जोड तुटण्याचा दुसऱ्याशी संबंध नसला पाहिजे. दोन वेगवेगळी नाणी उडवावीत तसे. पावसाळ्यात ही अट मोडते. ज्या पावसाने गाडी घाटात थांबवली, तोच पाऊस लोकल मंदावतो आणि रस्त्यावर वाहनांच्या रांगा लावतो. सगळे जोड एकाच दिवशी, एकाच कारणाने तुटतात. कोणी म्हणेल, त्या दिवशी विमानही उशिरा सुटेल! सुटेलही. पण काउंटर त्याच्या ठरलेल्या वेळेलाच बंद होऊ शकतो, आणि विमानाला उशीर होईल यावर योजना आखणे म्हणजे परीक्षा पुढे ढकलली जाईल या आशेवर अभ्यास न करणे होय.

आणखी एक गोष्ट माझ्या हिशेबात नव्हती : जोड चुकला तर किती किंमत मोजावी लागते? लोकल चुकली तर चार-पाच मिनिटांत दुसरी येते. मेट्रोचेही तसेच. अशा जोडाला राखीव वेळ जवळजवळ लागतच नाही. एका गाडीतून उतरून दुसरी लांबची गाडी धरायची असेल आणि पहिलीच्या उशिरामुळे दुसरी चुकली, तर दुसरीचे पैसे परत मिळावेत यासाठी रेल्वेने २०१९ सालापासून दोन तिकिटे एकमेकांना जोडण्याची सोय केली आहे. मात्र ती आपणहून मागावी लागते. पण रेल्वेचे तिकीट आणि विमानाचे तिकीट यांच्यात असा करार नाही. गाडी उशिरा आली हे विमान कंपनीला कितीही पटवून सांगितले तरी तिकीट गेले ते गेले. तेव्हा राखीव वेळ सगळीकडे सारखा वाटू नका. जो जोड चुकला तर सर्वांत महाग पडेल, त्याच्या आधी सगळा ओता.

हेही आकड्यांत मांडता येते. समजा, विमान चुकल्यास सहा हजार रुपये बुडतात आणि चुकण्याची संभाव्यता दहात एक आहे. सहा हजार गुणिले एक दशांश, म्हणजे सहाशे रुपये. दर प्रवासाला तुम्ही जणू सहाशे रुपयांचा धोका खिशात घेऊन निघता. आदल्या रात्रीच्या गाडीने गेलात आणि त्यामुळे ही संभाव्यता शंभरात एकवर आली, तर धोका साठ रुपयांचा. त्याबदली तुम्हाला विमानतळावर चार तास बसावे लागेल. पुस्तक न्या, दशम्या आणि शेंगाचटणी न्या. आणि मुलाखत, परीक्षा, आजारी माणसाची भेट यांची किंमत रुपयांत होत नाही, तेव्हा हा हिशेब त्याहून अधिक जपून करायचा.

आता योजना उलट्या बाजूने करून पाहू. सुरुवात घरापासून नको, विमानापासून करू. पण त्याआधी तिकिटावर विमानतळाचे नाव वाचा. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरूनही विमाने सुटू लागली आहेत. तो पनवेलजवळ आहे. तिकडे जायचे असेल तर मुंबईपर्यंत जाण्याचे कारणच नाही. जुन्या विमानतळाचेही दोन भाग आहेत, टर्मिनल १ आणि टर्मिनल २, एकमेकांपासून चांगलेच दूर. काहींना पुण्याचे लोहगाव सोयीचे पडेल. तिथे बोरघाट उतरावाच लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. शिवाय २०२५ साली सोलापूरच्याच होटगी रस्त्यावरच्या विमानतळावरून गोव्याला आणि मुंबईला विमाने सुरू झाली. तो पर्यायही पाहा, पण विमानातून विमानात जाणे हाही एक जोडच आहे हे विसरू नका.

समजा, मुंबईच्या टर्मिनल २ वरून विमान संध्याकाळी पाचला आहे. काउंटर चारला बंद. तुम्ही तीनला पोचायचे ठरवा. मुंबईची भुयारी मेट्रो, म्हणजे तिसरी मार्गिका, ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण झाली. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळ तिचे स्टेशन आहे आणि टर्मिनल २ लाही आहे. मध्ये गाडी बदलावी लागत नाही. मेट्रोला पाऊण तास आणि दोन्हीकडचे चालणे, तिकीट, तपासणी यांना अर्धा तास धरला, तर तुम्ही पावणेदोनला मुंबईच्या स्टेशनात उतरून मोकळे झालेले असायला हवे. सकाळची वंदे भारत साडेबाराच्या सुमारास पोचते. राखीव वेळ सव्वा तास. शिवाय तीन ते चार हा विमानतळावरचा तास हाताशी आहे. म्हणजे प्रत्यक्ष जोड तुटायला सव्वादोन तासांचा उशीर लागेल. जानेवारीत मी या योजनेवर सही करीन. जुलैत नाही. जुलैत मी रात्रीची गाडी धरीन. ती सकाळी सातच्या सुमारास पोचते आणि मग पावणेसात तास राखीव मिळतात. हेच विमान सव्वाएकचे असेल तर सकाळची गाडी कोणत्याच ऋतूत चालणार नाही. वेळापत्रके बदलत असतात, तेव्हा निघण्यापूर्वी सगळ्या वेळा ताज्या तपासून घ्या.

भाचीची मुलाखत नीट झाली आणि तिला प्रवेशही मिळाला. आता सुटीत येता-जाता ती स्वतःच हिशेब करते आणि मला फक्त शेवटचा आकडा कळवते.

तुम्हाला स्वतः करून पाहायचे असेल तर एक वही घ्या. तुमच्या गावातून जाणारी कोणतीही एक गाडी निवडा. गाडी कुठे आहे आणि किती उशिरा धावते आहे ते आता घरच्या फोनवर दिसते, स्टेशनावरच्या फलकावरही दिसते. रोज एक ओळ लिहा : तारीख, वार, ठरलेली वेळ, प्रत्यक्ष वेळ, उशीर. महिनाभराचे तीस आकडे चढत्या क्रमाने लावा. मध्यक काढा, सरासरी काढा. मग तीसपैकी किती दिवस उशीर तीस मिनिटांहून जास्त होता, किती दिवस साठहून जास्त, किती दिवस नव्वदहून जास्त, ते मोजून त्याचा आलेख काढा. हाच उद्योग डिसेंबरात एकदा आणि जुलैत एकदा करा आणि दोन्ही आलेख शेजारी ठेवा. वहीत शेवटी एक रुंद रकाना सोडा आणि त्याला 'शेरा' असे नाव द्या. जो आकडा विचित्र वाटेल त्याच्यापुढे कारण शोधून लिहायचे : घाटात पाऊस, रुळांचे काम, दाट धुके, पुढची गाडी बंद पडली. तो आकडा खोडायचा मात्र नाही.